दर गटारीला कोळंबी रबर का होते?

तक्रार आधी नीट मांडतो, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते कळेल. 31 डिसेंबरला गच्चीत शेगडी पेटते, कोळंबीच्या काड्या जाळीवर चढतात आणि चार मिनिटांत उतरतात. कडा जराशा करपलेल्या, आत रसाळ. सात महिन्यांनी गटारी येते. मसाला तोच, शेगडी तीच, माणसंही तीच. पण कोळंबी जाळीवर टाकली की चुर्र होण्याऐवजी बुडबुडे येतात, मसाल्याचं गुलाबी पाणी निखाऱ्यावर ठिबकतं, नुसता धूर होतो आणि रंग काही धरत नाही. रंग यावा म्हणून थांबावं तर आतून खोडरबर. सलग तीन गटाऱ्या हेच.

पहिल्या वर्षी दोष पावसाला दिला. दुसऱ्या वर्षी कोळसा सर्द झाला होता म्हणालो. तो खरोखरच झाला होता, म्हणून तिसऱ्या वर्षी मे महिन्यातच कोळसा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवला. निखारे झकास फुलले आणि कोळंबी पुन्हा रबरच. धाकट्या भावाचं निदान वेगळं होतं. ‘‘दादा, डिसेंबरात तू शेगडी पेटवून मग बसतोस, गटारीला बसून मग शेगडी पेटवतोस.’’ यात थोडं तथ्य होतं, पण पाण्याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

उलगडा गणेश पेठेतल्या मासळी बाजारात झाला. नेहमीच्या मावशींकडे टपोरी कोळंबी मागितली आणि जाळीवर भाजायची आहे असं सहज बोलून गेलो. त्यांनी हातातली कोळंबी परत बर्फावर टाकली. ‘‘दादा, ही कुठं समुद्राची? बंदी चालू हाय ना. ही तळ्यातली, बर्फातनं आलेली. कालवणाला न्या, फस्क्लास होईल. भाजायची तर रात्रभर निथळवा, नाहीतर शेगडीवर पाणी सोडून बसंल.’’

गंमत बघा, बंदी मला ठाऊक होती, गटारीची तारीखही ठाऊक होती; दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै समुद्रात जायला मनाई असते आणि हा काळ कधीकधी लांबतोही. गटारी म्हणजे आषाढी अमावस्या, ती बहुतेक याच दिवसांत किंवा जेमतेम पुढे पडते. 2023 मध्ये ती 17 जुलैला होती, 2025 मध्ये 24 जुलैला. (त्या दिवशी गुरुवार आला म्हणून आम्ही बुधवारीच उरकून घेतली; सकाळी दिवे घासायचे आणि संध्याकाळी शेगडी, हा नेहमीचा क्रम तेवढा चुकला.) या दिवसांत बिनयांत्रिक होड्यांची खाडीतली कोळंबी मिळते, पण ती बारीक, काडीवर चढत नाही. पुण्यात टपोरी म्हणून जी येते ती जवळजवळ सगळी शेततळ्यांतली वॅनामेई. ही मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची जात. भारतात तिच्या व्यापारी शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली आणि मग तिने बाजार व्यापून टाकला. जात वाईट नाही. मी डिसेंबरातही कधीकधी तीच वापरत असणार. प्रश्न जातीचा नाही, ती आपल्यापर्यंत कशी पोचते त्याचा आहे.

गोठवलेल्या कोळंबीत पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात, आणि बर्फ सुटला की तेवढं पाणी बाहेर येतं. वरून बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो तो वेगळाच. शिवाय पुष्कळ पाकिटांत कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून काढलेली असते, म्हणजे ती पाणी धरून ठेवते आणि वजन भरते. पाकीट उलटं करून घटकांची बारीक अक्षरं वाचा. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा 451, 452 हे आकडे दिसले तर ती हीच. बाजारात सुटी सोललेली कोळंबी बर्फाच्या वितळत्या पाण्यात तासन्‌तास पडलेली असते, तीही तशीच पाणी पिते. म्हणून सोललेली घेऊच नका. सालासकट घ्या, घरी सोला. कंटाळा येतो हे मान्य आहे.

आता हे पाणी जाळीवर काय करतं? मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, म्हणजे आपल्याकडे तो 98 अंशांच्या आसपास. भाजल्याचा तो खमंग तपकिरी रंग यायला मात्र 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. कोळंबी आतून 60 ते 65 अंशांना शिजून तयार असते. 70 च्या पुढे गेली की मांस आकसतं आणि स्वतःचा रस पिळून टाकतं. तेव्हा ओली कोळंबी जाळीवर ठेवून रंगाची वाट पाहणारा माणूस खरं तर तिला वाफवतोय, आणि रंग येईस्तोवर ती केव्हाच पिळून निघालेली असते. मी तीन वर्षं आग वाढवत होतो, आणि आगीचा निम्मा जोर पाणी आटवण्यात जात होता.

आधी पाणी काढा

गोठलेलं पाकीट आदल्या रात्रीच फोडा. पातेल्यावर चाळणी, चाळणीत कोळंबी, वर झाकण, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी पातेल्यात साठलेलं गढूळ पाणी बघून तुम्हालाच चीड येईल, कारण ते तुम्ही कोळंबीच्या भावाने घेतलेलं असतं. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात अर्धा तास बुडवा. पिशवी फुटकी नको. कोमट पाणी नको आणि मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. त्यात कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो.

मग सोलणं. शेपटीचं टोक ठेवा, पकडायला बरं पडतं. पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा काढा. चीर खोल गेली तर कोळंबी फुलपाखरासारखी उघडते आणि दुप्पट वेगाने वाळते. चीर द्यायचीच नसेल तर पाठीच्या दुसऱ्या पेरात टूथपिक आडवी घालून दोरा हलकेच उपसा, सबंध निघतो. साफ झाली की भराभर धुवा, नळाखाली भिजत ठेवू नका.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळेजण तीच गाळतात. ताटात जुना सुती पंचा पसरा, त्यावर कोळंबी एकेक करून मांडा, वरून दुसरा पंचा, आणि तळव्याने दाबा. पंचा ओला झाला की बदला. बोटाने कोळंबी चाचपली तर ती निसरडी न लागता किंचित चिकट लागली पाहिजे. हा चिकटपणा आला की समजायचं वाळली. मग तसंच उघडं ताट फ्रीजमध्ये तासभर. घरातून ‘फ्रीजला वास येईल’ अशी हरकत येते. तासाभरात काही येत नाही. ताज्या कोळंबीला समुद्राचा हलका वास असतो, त्यापलीकडे अमोनियासारखा उग्र दर्प असेल तर ती फ्रीजमध्ये कशाला, घरातच ठेवू नका.

फॉस्फेट नसलेली, सालासकट आणलेली कोळंबी असेल तर आणखी एक उपाय आहे. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला सपाट एक छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळायचा, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची आणि पुन्हा टिपून घ्यायची. मिठाने मांस आपला रस धरून ठेवतं. सोड्याने ते किंचित अल्कधर्मी होतं, त्यामुळे चावताना कुरकुरीत लागतं आणि रंगही लवकर येतो. पावऐवजी अर्धा चमचा सोडा घातलात तर साबणाची चव येईल. फॉस्फेटवाल्या कोळंबीला सोडा लावू नका. ती आधीच तशीच असते आणि आणखी घसरडी होते.

मसाल्यात लपलेलं पाणी

इथे माझी दुसरी चूक होती. इतकं वाळवून वर पुन्हा साधं दही ओतत होतो. चक्का घ्या, श्रीखंडाला बांधतो तितका घट्ट. अर्धा किलोला तीन मोठे चमचे पुरतात. त्यात काश्मिरी तिखट, हळद, आलं-लसूण (लसूण जास्त, आलं जेमतेम), एक चमचा भाजलेलं बेसन, दोन चमचे तेल. बेसन भाजलेलंच हवं. कच्चं घातलं तर चार मिनिटांत त्याचा कच्चटपणा जात नाही. आधी मीठ लावलं असेल तर मसाल्यात मीठ नाही. लिंबू अजिबात नाही, ते ताटात पिळायचं.

किती मुरवायचं? अर्धा तास. फार तर पाऊण. मटणाची सवय असलेल्या हाताला हे पटत नाही, माझ्याही पटलं नव्हतं. एकदा मी मटणाच्या हिशेबाने कच्च्या पपईचा कीस लावून कोळंबी रात्रभर ठेवली. सकाळी काडीत ओवायला एक उचलली तर बोटांत तिचे दोन तुकडे झाले, दुसरी दाबताच पेस्टसारखी पसरली. पपईतलं पपेन मांसाची प्रथिनं तोडतं. मटणाला ते हवं असतं, कोळंबी त्यात तासाभरात पिठूळ होते. अननसाचं तेच, आणि कच्च्या आल्यातही तसंच द्रव्य असतं, म्हणून आलं जेमतेम. लिंबाचा किंवा कोकमाच्या आगळाचा आंबटपणा वेगळ्या तऱ्हेने नडतो. त्याने मांस विस्तवाशिवायच वरून पांढरं पडतं, आणि मग शेगडीवर ते दुसऱ्यांदा शिजतं. आगळाची चव हवीच असेल तर काड्या उतरल्यावर ब्रशने एक हात फिरवा.

मसाला काहीच न करताही कोळंबी पिठूळ लागली, तर ती डोक्यासकट फार वेळ पडून राहिलेली असते. डोक्यातल्या पाचकरसांनी मांस आतून विरघळायला लागतं. घरी आणल्या आणल्या डोकी काढा, सोलणं मागाहून झालं तरी चालेल. सालीवर काळे डाग दिसले तर मात्र लगेच घाबरू नका. सफरचंद कापल्यावर काळं पडतं तसाच तो प्रकार. वास आणि घट्टपणा बघून ठरवा.

काड्या

कोळंबी काडीवर गरगर फिरते, उलटायला जावं तर काडी फिरते आणि कोळंबी जिथल्या तिथे. यावर इलाज सोपा आहे. एकाच काडीत मधून भोसकू नका. कोळंबीला नैसर्गिक बाक असू द्या आणि एक काडी शेपटीकडून, दुसरी तिला समांतर डोक्याच्या बाजूने, मधे बोटभर अंतर ठेवून. सबंध शिडी तयार होते आणि चिमट्याने एका झटक्यात उलटते. बोहरी आळीत लोखंडी सळ्या घ्याल तर गोल घेऊ नका, चपट्या घ्या, म्हणजे एकीतच काम होतं. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा, पण त्यावर फार विसंबू नका. उघडी टोकं जळतातच, ती निखाऱ्यांच्या बाहेर राहतील अशी ठेवा.

आणि काडीत सिमला मिरची, कांदा, टोमॅटो ओवायचा मोह टाळा. फोटोत छान दिसतं. कांद्याला आठ-दहा मिनिटं लागतात, कोळंबीला चार. शिवाय टोमॅटो म्हणजे पुन्हा पाणीच. भाज्यांची काडी वेगळी, ती आधी चढवायची.

आग

कोळसा पेटवायला करवंट्या आणि दोन कापराच्या वड्या पुरतात. रॉकेल ओतलेल्या शेगडीचा वास कोळंबीला हमखास लागतो. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की जाळी ठेवा आणि जाळी पाच मिनिटं रिकामीच तापू द्या. कोळंबी जाळीला चिकटते ती जाळी गार असते म्हणून. अर्धा कांदा काट्याला टोचून तापल्या जाळीवर घासा. तेल जाळीला न लावता कोळंबीला लावा. जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळहात धरा. दोन-तीन अंक मोजेपर्यंतच धरवत असेल तर आग बरोबर. सहापर्यंत आरामात मोजलंत तर पुठ्ठ्याने वारा घाला आणि थांबा.

पावसात शेगडी गच्चीवरून गॅलरीत येते, तिथे एक गोष्ट हट्टाने सांगतो. सरकत्या काचा उघड्या ठेवा, पाऊस आत आला तरी चालेल. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद गॅलरीत किंवा खोलीत शेगडी नकोच. तेवढी हवा खेळत नसेल तर सरळ ओव्हन किंवा तवा वापरा.

ओव्हनमध्ये फक्त वरचा रॉड, 230 ते 250 अंश, दहा मिनिटं आधी तापवलेला, आणि काड्या रॉडच्या शक्य तितक्या जवळ. खाली ट्रे ठेवून काड्या जाळीवर हव्यात. ट्रेमध्येच ठेवल्या तर सुटलेल्या रसात उकडतात. तव्यावर करायची तर बिडाचा तवा धूर निघेस्तोवर तापवा आणि एका वेळी चार-पाचच टाका. तवा भरलात की तो गार झाला आणि पाणी सुटलं. धुराचा वास हवा असेल तर धुंगार कोळंबीला न देता चक्क्याच्या मसाल्याला द्या. पातेल्यात मसाला, मधे वाटीत निखारा, त्यावर तुपाचे चार थेंब, झाकण, तीन मिनिटं. मग त्यात कोळंबी घोळवा. शिजलेल्या कोळंबीला धुंगार दिला तर झाकणाखाली ती आणखी शिजते.

झाली हे ओळखायचं कसं

साध्या कोळंबीचा रंग बदलतो. करड्या प्रथिनाला जखडलेलं केशरी रंगद्रव्य उष्णतेने मोकळं होतं, म्हणून ती केशरी दिसते. पण आपण तिला तिखट-हळदीत घोळवलेली असते, त्यामुळे ती कच्ची असतानाच लाल! ही खूण आपल्या कामाची नाही. ‘इंग्रजी सीसारखी वळली तर झाली, ओसारखी गोल वळली तर जास्त झाली’ हा नियमही पातेल्यातल्या कोळंबीचा. दोन काड्यांत जखडलेली कोळंबी वळणार कुठे?

म्हणून पाठीवरची ती चीर बघा. चिमट्याने चिरेचे ओठ जरा फाकवा. आत काचेसारखी पारदर्शक रेघ दिसली तर अर्धं मिनिट आणखी. सगळं पांढरं, पण अजून ओलसर चमकतंय, तिथे उतरवा. पांढरं आणि कोरडं दिसलं तर उशीर झाला. पाकिटावर 21/25 लिहिलेली कोळंबी, म्हणजे एका पौंडात 21 ते 25, एकेक साधारण 18 ते 22 ग्रॅमची, फुललेल्या निखाऱ्यावर एका बाजूला दोन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला दीड घेते. त्याहून बारीक असेल तर काडीवर एकमेकींना खेटून ओवा, म्हणजे लवकर वाळणार नाहीत. उतरवल्यावर ती मिनिटभर आपल्या उष्णतेने शिजत राहते, तेव्हा ‘अजून जरा’ वाटतं तीच वेळ. मी पहिली काडी नेहमी एकट्या एका कोळंबीची लावतो, तोडून बघतो आणि खातो. स्वयंपाक्याचा हक्क.

कच्च्या काड्यांचं ताट आणि भाजलेल्यांचं ताट वेगळं ठेवा, आणि उरलेला मसाला भाजलेल्या काड्यांवर फासू नका.

गेल्या गटारीला हे सगळं केलं, तरी शेवटच्या दोन काड्या रबर झाल्याच, कारण फोन आला. त्या फेकल्या नाहीत. कोळंबी बारीक चिरली, कांद्यावर परतली, दोन अंडी फोडली आणि भुर्जी केली. इतकी बारीक चिरली की रबर कळत नाही. डोकी आणि सालं तेलावर लाल करून वीस मिनिटं उकळली होती, त्या पाण्यात दुसऱ्या दिवशीचा भात शिजला असता. पण दुसऱ्या दिवशी श्रावण लागला होता, म्हणून ते पाणी डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. डब्यावर नाव लिहायला विसरलो, आणि आईने ते कटाचं पाणी समजून आमटीला काढलं. वासावरून वेळीच कळलं म्हणून बरं.